रंधा मशीनची पाती : एका धारेपासून दुसऱ्या धारेपर्यंत

रबाळे औद्योगिक वसाहतीतील आमच्या गाळ्यातून रंधा मशीनची पाती धारेला द्यायची म्हणजे ती जाड कागदात गुंडाळायची, दिघा, विटावा, कळवा असा रस्ता धरून ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नेऊन टाकायची आणि दोन दिवसांनी त्याच रस्त्याने परत आणायची. जुलैमध्ये विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचले, की या दोन दिवसांचे चार होतात आणि तेवढे दिवस मशीन नुसते उभे राहते. या खेपा टाळण्यासाठी बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो. पाती चालतील तितकी चालवायची आणि लाकूड काळे पडू लागले, मोटर कण्हू लागली, की मगच ती काढायची. हा उपाय महागात पडतो, कारण धार जितकी अधिक गोल झालेली असेल तितके अधिक पोलाद धारवाल्याला खरवडावे लागते, आणि पात्याची रुंदी संपली की पाते संपले.

त्यापेक्षा स्वस्त मार्ग असा, की धार गेल्यावर नव्हे, तर ती जाऊ लागली आहे असे दिसताच तिला हात लावायचा, आणि तोही प्रत्येक वेळी अगदी थोडा. पात्याचा मूळ कोन घासणे आणि सगळी पाती सरळ व सारख्या रुंदीची करणे हे गार पाण्याखाली चालणाऱ्या ग्राइंडिंग मशीनचे काम आहे, आणि ते तिथेच राहू द्यावे. बेंच ग्राइंडरवर पाते हातात धरून घासण्याचा मोह होतो. पण बारा इंच लांबीचे पाते हाताने सरळ घासले जाणे अशक्यच आहे, शिवाय तापलेले पाते पाण्यात बुडवले की धारेला नजरेस न पडणाऱ्या बारीक चिरा पडतात आणि पुढे पहिल्याच गाठीवर तिथून तुकडे उडतात. आपल्या वाट्याला येते ते दोन धारांच्या मधल्या दिवसांतले काम.

धार जाताना कशी दिसते

आधी शब्द ठरवून घेऊ. पात्याची जी बाजू तिरकी घासलेली असते तिला येथे उतार म्हटले आहे, दुसऱ्या सपाट बाजूला पाठ, आणि उताराचा धारेपासून लांबचा काठ म्हणजे टाच. उतार आणि पाठ जिथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. ताज्या धारेला जवळजवळ जाडी नसते, त्यामुळे तिच्यावरून प्रकाश परतत नाही. ती झिजून गोल झाली, की त्या गोलाईवर प्रकाश चमकू लागतो. आमच्या गाळ्याला शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून गुरुवारी संध्याकाळी मशीनचा प्लग काढून, मोबाइलची बत्ती धारेच्या अगदी समोरून तिरकी धरून मी प्रत्येक पाते या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहतो. काहीच चमकले नाही तर पाते तसेच राहू द्यावे. तुटक तुटक चमक दिसली, तर हात लावण्याची हीच वेळ आहे. पांढऱ्या दोऱ्यासारखी सलग रेघ दिसली, तर उशीर झाला आहे असे समजावे.

लाकूडही हे सांगते, फक्त थोडे उशिरा. फळीवर उलटा हात फिरवल्यावर ती केसाळ लागते, गाठीच्या आजूबाजूला तंतू कापले न जाता उपटले जातात, थिकनेसरमध्ये, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची करणाऱ्या मशीनमध्ये, ती अडखळते आणि मागून ढकलावी लागते. सगळ्यांत फसवे लक्षण म्हणजे फळीला आलेली चकाकी. बोथट पाते लाकूड कापण्याऐवजी दाबते आणि घासते, त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत आणि तकतकीत दिसतो. गिऱ्हाइकाला तो आवडतोही. पण त्या दाबलेल्या थरात डिंक नीट शिरत नाही आणि पॉलिश डाग धरते. सांधा महिन्याभरात सुटला तर डिंकाला बोल लावण्यापूर्वी पाती पाहावीत.

पाते कोणत्या पोलादाचे आहे यावरही पुढचे बरेच काही अवलंबून असते. आपल्याकडे मिळणारी पाती मुख्यतः तीन प्रकारची असतात. हाय स्पीड स्टील, म्हणजे एचएसएस, साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत आपला कडकपणा टिकवते आणि हाताने घासायला सगळ्यांत सोपे असते. सुमारे १२ टक्के क्रोमियम असलेले एचसीएचसीआर, म्हणजे हाय कार्बन हाय क्रोमियम पोलाद झिजायला चिवट असते, पण साध्या तेलदगडाला दाद देत नाही. त्याला हिऱ्याची, म्हणजे हिऱ्याची पूड जडवलेली, प्लेट हवी. टंगस्टन कार्बाइडची पाती हाताने चोळण्याच्या फंदात पडू नये. ती पुसावीत, जपावीत आणि वेळ आली की पाठवावीत.

लाकूड मशीनवर चढण्याआधी

पात्याचे आयुष्य दगडावर जितके वाढते त्याहून अधिक ते मशीनच्या अलीकडे, फळी तपासण्याच्या जागी वाढते, असे माझे स्पष्ट मत आहे. वखारीतून आलेली फळी टेम्पोच्या तळावर घासलेली असते, गाळ्याबाहेर उभी असताना तिच्या टोकांत वाळू बसलेली असते. ही वाळू म्हणजे क्वार्ट्झ, आणि पोलादाला ओरखडणारे तिच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही. तारेच्या ब्रशने फळीच्या चारही बाजू झाडाव्यात आणि टोकांचा अर्धा-एक इंच करवतीने उडवून मगच ती मशीनवर घ्यावी. सागाच्या लाकडात मुळातच सिलिका असते, त्यामुळे सागावर धार लवकर जाते. तिथे आपल्याला करता येण्याजोगे फारसे काही नाही, फक्त तपासणी अधिक वेळा करावी. याउलट प्लायवुडच्या कडा, एमडीएफ आणि सनमायका लावलेले तुकडे रंध्यावर मुळीच घेऊ नयेत. प्लायच्या प्रत्येक थरामध्ये वाळून कडक झालेला राळेचा डिंक असतो आणि तो पात्यावर थरांच्या अंतराने खाचा पाडतो. त्यासाठी कार्बाइडचे दात असलेली करवत वापरावी.

जुन्या लाकडाची गोष्ट वेगळी आहे. ठाण्यात जुनी घरे आणि चाळी पडून नव्या इमारती उभ्या राहत असताना त्यांतून निघणाऱ्या सागाच्या तुळया आणि चौकटी सुताराला खुणावतात, आणि खुणावाव्यातही. तसा साग आता सहज मिळत नाही. मात्र त्यांत खिळे असतात. मी एकदा अशाच एका तुळईचे दिसणारे सर्व खिळे काढून, दोनदा हात फिरवून ती मशीनवर घेतली आणि रंगाच्या थराखाली तुटून राहिलेल्या एका बारीक खिळ्याने तिन्ही पात्यांना एकाच जागी खाच पाडली. तेव्हापासून जुन्या लाकडावरचा रंग आधी खरवडून काढणे, त्यावरून जुन्या स्पीकरमधला मोठा लोहचुंबक दोरीला टांगून सावकाश फिरवणे आणि काळपट डाग दिसेल तिथे खिळा आहेच असे धरून चालणे, ही तीन कामे झाल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. लोखंडाचा गंज सागात काळा डाग सोडतो, त्यामुळे हा डाग चुंबकापेक्षाही भरवशाचा साक्षीदार ठरतो. पितळेचा स्क्रू मात्र चुंबकाला सापडत नाही. बिजागरीच्या खाचेजवळ तो नेमका असतो.

किती खोल रंधायचे याविषयी एक गैरसमज आहे. हलका हात मारला की पाती टिकतात, असे सर्रास सांगितले जाते. हिशेब करून पाहू. मशीनचे कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता दंड, मिनिटाला ५००० फेरे घेत असेल आणि फळी मिनिटाला ८ मीटर या वेगाने पुढे जात असेल, तर २ मीटर लांबीची फळी १५ सेकंदांत पार होते आणि तेवढ्यात प्रत्येक पाते १२५० वेळा लाकडावर आदळते. दीड मिलिमीटर काढायचे असेल आणि ते पाव-पाव मिलिमीटरने सहा वेळा काढले, तर हेच आदळणे ७५०० वर जाते, आणि इतक्या पातळ कापात पाते धड कापतही नाही, नुसते घासत जाते. म्हणून मधल्या फेऱ्या पाऊण ते एक मिलिमीटरच्या घ्याव्यात आणि शेवटची एकच फेरी हलकी ठेवावी. अरुंद पट्ट्या नेहमी कुंपणालगतच, म्हणजे टेबलावरच्या उभ्या आधारपट्टीलगतच, सारण्याची सवयही मोडावी; कुंपण दर आठवड्याला थोडे सरकवले, तर पात्याची पूर्ण लांबी वापरली जाते.

आणखी दोन लहान गोष्टी आहेत. भुसा ओढून घेणारा पाइप तुंबला, की तेच छिलके पुन्हा पुन्हा पात्याखाली जातात, म्हणून तो रोज पाहावा. सागाचे तेल आणि पाइनची राळ धारेवर साचून तपकिरी थर धरते. तो थर पात्याला बोथट भासवतो आणि तापवतो. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेले फडके आणि पितळी तारेचा ब्रश यांनी तो पाच मिनिटांत निघतो. धार गेली असे वाटणारे पाते नुसते पुसल्यावर पुन्हा नीट चालू लागले, असे अनेकदा घडते.

मशीनमध्येच धार चढवणे

सरफेस प्लॅनरवरचे, म्हणजे फळीची बाजू सपाट करणाऱ्या मशीनवरचे, एचएसएसचे पाते किंचित मावळले असेल, तर ते काढण्याची गरज नसते. आधी प्लग काढून तो डोळ्यांसमोर दिसेल असा टेबलावर ठेवावा. नुसते बटण बंद करण्यावर कधीही विसंबू नये. कुंपण आणि वरचे झाकण काढावे, फटीतला भुसा झाडावा आणि कटर ब्लॉकवर खडूने १, २, ३ असे आकडे घालावेत. लाकूड ज्या टेबलावरून सारतो त्याला अलीकडचे टेबल म्हणू आणि रंधलेले लाकूड ज्यावर टेकते त्याला पलीकडचे.

बारीक दाण्याचा, सहा-आठ इंच लांबीचा तेलदगड किंवा १००० ग्रिटची (हा आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक) हिऱ्याची प्लेट घ्यावी आणि तिच्या अर्ध्या भागाला कागद गुंडाळावा, म्हणजे टेबलावर ओरखडे पडणार नाहीत. कागदाचा भाग अलीकडच्या टेबलावर टेकवून उघडा भाग पात्याच्या उतारावर आणावा. कटर ब्लॉक हाताने पुढे फिरवून आणि टेबल खालीवर करून दगड उतारावर सपाट बसेल अशी स्थिती साधावी, आणि मग लाकडी पाचर मारून कटर ब्लॉक तिथेच पक्के करावे. दगड खरोखर कुठे टेकतो आहे हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी उतारावर मार्कर पेनने निळी शाई फासावी आणि दगड एकदाच हलका फिरवावा. शाई टाचेजवळ पुसली गेली तर टेबल किंचित खाली घ्यावे. ती फक्त धारेलगत, केसाएवढ्या पट्टीत पुसली गेली, म्हणजे जागा बरोबर साधली आहे.

आता दगडावर शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब टाकून तो पात्याच्या लांबीच्या दिशेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा दाब ठेवून फिरवावा. आठ ते दहा हात पुरतात. पाणी वापरू नये. ते पाते आवळून धरणाऱ्या दाबपट्टीच्या मागे जाऊन बसते आणि गंज धरवते. हात मोजावेत, आणि पहिल्या पात्याला आठ दिले असतील तर दुसऱ्याला आणि तिसऱ्यालाही आठच द्यावेत, मग ते पाते अधिक चांगले दिसत असो वा नसो. मध्ये फोन वाजला तर वाजू द्यावा. घासून झाल्यावर पाठीच्या बाजूला नखाला लागेल असा बारीक बर, म्हणजे वळलेल्या पोलादाचा पातळ काठ, उभा राहतो. पातळ हिऱ्याची पट्टी पाठीवर पूर्ण सपाट धरून एक-दोन हलक्या हातांत तो काढावा. येथे पट्टी जराही उचलली गेली, तर पाठीकडून धार गोल होते आणि सगळी मेहनत वाया जाते. शेवटी तेल पुसावे, पाचर काढावी, ती काढल्याची खात्री दोनदा करावी, कटर ब्लॉक हाताने पूर्ण फिरवून पाहावे आणि मगच प्लग लावावा.

चालू मशीनवर, फिरत्या पात्यांना दगड टेकवून त्यांची उंची सारखी करण्याची एक पद्धत मोठ्या कारखान्यांत असते. तिथे त्यासाठी मशीनवरच बसवलेला दगडाचा घोडा असतो. ज्या मशीनला तो नाही, तिथे हातात दगड धरून हा प्रयोग कोणीही करू नये.

पाती बाहेर काढून

थिकनेसरच्या आत हात नीट पोहोचत नाही, आणि एचसीएचसीआरच्या पात्याला वेळही अधिक लागतो, म्हणून ती बाहेर काढावी लागतात. काढताना आणि बसवताना चामडी हातमोजे घालावेत. चालू मशीनवर मात्र हातमोजे कधीच नकोत. बोल्ट सैल करताना पान्हा घसरून हात कापला जाऊ शकतो, म्हणून पान्हा नेहमी धारेपासून दूर जाईल अशा बाजूने ओढावा.

घासण्यासाठी एक लाकडी ठोकळा करून ठेवावा. सागाचा किंवा बाभळीचा, पात्यापेक्षा दोन इंच लांब असा तुकडा घ्यावा आणि त्यात करवतीने अशी तिरकी खाच पाडावी, की पाते तिच्यात बसवल्यावर त्याचा उतार वरच्या बाजूला येईल आणि ठोकळ्याच्या माथ्याशी समतल राहील. पात्याचा कोन सामान्यतः ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असतो. आपल्या पात्याचा नेमका कोन पुठ्ठ्यावर आखून, तो कापून, तोच नमुना करवत लावताना वापरावा. ठोकळा बाकावर शिकंजात पकडावा. हिऱ्याची प्लेट आता अर्धी ठोकळ्याच्या माथ्यावर आणि अर्धी उतारावर टेकते. टाचेच्या मागे, धारेपासून साधारण ५० मिलिमीटरवर, १ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा चिकटवला, की प्लेट टाचेकडून उचलली जाऊन फक्त धारेवर टेकते आणि कोन जेमतेम एका अंशाने वाढतो. लग्नपत्रिकेचा जाड कागद तीन-चार घड्या घालून मी हेच काम करतो. लग्नसराईत या मालाचा तुटवडा नसतो. आधी ४०० ग्रिटचे पाच हात, नंतर १००० ग्रिटचे दहा, एवढ्यावर काम भागते. रंधा मशीनच्या पात्याला आरशासारखी चकाकी आणण्यात वेळ घालवू नये, कारण लाकडावर ती तासाभरही टिकत नाही.

पाठ सपाट करण्यासाठी ओट्याच्या कामातून उरलेला पॉलिश ग्रॅनाइटचा तुकडा उत्तम. त्यावर ८०० आणि मग १५०० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवावा आणि पाते पाठीवर पालथे घालून, दोन्ही हातांनी दाबून पाच-सहा वेळा सरकवावे. लगेच कोरडे पुसून तेलाचा हात द्यावा.

बसवण्यापूर्वी पाती स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलावीत. एखाद-दुसऱ्या ग्रॅमचा फरक चालतो. त्याहून अधिक असेल तर ते जोडीचे पाते नाही, किंवा ते कधीतरी एकटेच घासले गेले आहे. बसवताना बोल्ट मधून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. उंची तपासण्यासाठी एक सरळ लाकडी पट्टी पलीकडच्या टेबलावर ठेवून कटर ब्लॉकवर पुढे येऊ द्यावी, टेबलाच्या काठाशी तिच्यावर पेन्सिलची खूण करावी आणि कटर ब्लॉक हाताने हलकेच उलटे फिरवावे. पाते पट्टीला उचलून थोडे मागे सरकवते. ती एक सूत, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर सरकली, तर ८० मिलिमीटर व्यासाच्या कटर ब्लॉकवर पाते टेबलापेक्षा सुमारे ०.०३ मिलिमीटर उंच आहे असे निघते, आणि हे पुरेसे असते. महत्त्वाचे हे, की प्रत्येक पात्याने, डाव्या टोकाला आणि उजव्या टोकाला, पट्टी सारखीच सरकवली पाहिजे.

हे का महत्त्वाचे, ते मी जुन्या तुळईतल्या त्या खिळ्याच्या प्रकरणात शिकलो. तिन्ही पात्यांच्या खाचा कमीअधिक खोल होत्या. मी प्रत्येक पाते त्याची खाच जाईपर्यंत घासले, म्हणजे प्रत्येक वेगवेगळे, आणि उंची न तपासता घाईने बसवले. धार उत्तम होती, पण फळीवर बारीक लाटा उठल्या. तीन पाती सारखी कापत असतील, तर ५००० फेऱ्यांना आणि ८ मीटरच्या वेगाला दोन कापांमधले अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर पडते. त्यांतले एकच उंच राहिले, तर तेच अंतर १.६ मिलिमीटर होते. कच्च्या फळीवर ते जेमतेम जाणवले. पॉलिश झाल्यावर खिडकीच्या उजेडात मात्र दरवाजा पन्हाळीच्या पत्र्यासारखा दिसू लागला, आणि तो सगळा हाताने पुन्हा रंधावा लागला.

खाच पडली असेल तर

लहान खाच घासून घालवायची नाही. तिच्यामुळे फळीवर एक उंच रेघ उमटते, कारण सगळ्या पात्यांची खाच एकाच जागी असते. त्यांपैकी एका पात्याचे बोल्ट सैल करून ते एक-दीड मिलिमीटर डावीकडे सरकवावे आणि पुन्हा आवळावे; पहिल्याने सोडलेली रेघ आता दुसरे कापून टाकते. सरकवलेले पाते कटर ब्लॉकच्या बाहेर डोकावत नाही ना, एवढे मात्र पाहावे. या एका युक्तीवर पुढची धार येईपर्यंतचे दिवस आरामात निघतात.

हातातला इलेक्ट्रिक रंधा

घोडबंदर रोडवरच्या नाहीतर खारघरच्या फ्लॅटमध्ये दरवाजे बसवणाऱ्या कारागिराकडे मोठे मशीन नसते; त्याच्याकडे ८२ मिलिमीटर पात्याचा हातातला रंधा असतो. त्यातले पाते रुंद एचएसएसचे असेल तर वरचाच ठोकळा छोट्या आकारात करून घ्यावा. पाते लहान असल्याने ते ग्रॅनाइटवरच्या वॉटर पेपरवरही चांगले घासता येते. दोन्ही पाती नेहमी बरोबरच घासावीत आणि रंध्याबरोबर मिळालेली उंचीची पट्टी फेकून देऊ नये. पाते अरुंद, दोन्ही बाजूंना धार असलेले कार्बाइडचे असेल, तर एक बाजू गेल्यावर ते उलटवावे आणि दुसरी गेल्यावर बदलावे. जुन्या चौकटीचा काठ रंधताना भिंतीचा प्लास्टर लागणार नाही याची काळजी घ्यावी. सिमेंटच्या एका स्पर्शात दोन्ही पात्यांची धार जाते.

पावसाळा

ठाण्याची खाडी जवळ, हवा खारट, आणि जून ते सप्टेंबर गाळ्यातली भिंतसुद्धा ओली. धारेसारख्या पातळ काठावर गंज सगळ्यांत आधी बसतो, आणि गंजलेली धार न वापरताच बोथट होते. त्यातच ओल्या लाकडातला टॅनिन पोलादाला काळे पाडतो. म्हणून या चार महिन्यांत काम संपल्यावर पात्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचा बोळा फिरवावा आणि सकाळी पहिला टाकाऊ तुकडा रंधून ते तेल उतरवावे. सिलिकॉनचा स्प्रे वापरू नये. त्याचा अंश लाकडावर राहिला, तर पॉलिश ठिकठिकाणी फाकते. जादा पाती तेल लावून, मेणकागदात गुंडाळून, धार कशालाही टेकणार नाही अशी खाचा पाडलेल्या लाकडी पेटीत ठेवावीत आणि पेटीत कापराच्या दोन-चार वड्या टाकाव्यात. कापूर उडून जातो, म्हणून दर महिन्याला तो बदलावा.

धारवाल्याकडे केव्हा जायचे

प्रत्येक वेळी घासताना धारेलगतची नवी पट्टी थोडी रुंद होत जाते. बत्तीच्या उजेडात ती वेगळी चमकताना दिसते. ही पट्टी अर्धा मिलिमीटर भरली, की थांबावे. त्यापुढे घासण्याला वेळ फार लागतो, कोन जाड होतो आणि पाते लाकडावर ठोकल्यासारखे चालू लागते. माझ्या अनुभवात चार ते पाच वेळा हात लावून झाल्यावर ही वेळ येते. सलग कामे असतील तर पात्यांचे दोन संच ठेवावेत, एक मशीनवर आणि एक धारेला. दुसऱ्या संचाची किंमत मशीन बंद राहण्याच्या चार दिवसांतच वसूल होते.

देताना पूर्ण संच द्यावा, एकटे पाते कधीही देऊ नये. देण्यापूर्वी प्रत्येक पात्याची रुंदी दोन्ही टोकांना व्हर्निअरने मोजून वहीत लिहावी आणि पाकिटावर ठळक अक्षरांत पोलादाचा प्रकार, हवा असलेला कोन आणि ‘तिन्ही सारख्या रुंदीची’ एवढे लिहावे. परत आल्यावर पुन्हा मोजावे. धार निळी-जांभळी पडलेली दिसली, तर पाते तापवले गेले आहे. तिथल्या तिथे दाखवावे. सगळे ठीक असले तरी ताज्या धारेवर ग्राइंडिंगचा बर असतोच, आणि तो लाकडावर तुटू दिला तर आपल्याबरोबर धारेचा कणही घेऊन जातो. म्हणून पाती मशीनवर चढवण्यापूर्वी १००० ग्रिटच्या प्लेटचे उतारावर तीन आणि पाठीवर एक, असे हलके हात द्यावेत, आणि वहीत त्या तारखेपुढे हात लावल्याची पहिली फुली मारावी.